पुरेल, पुरे, पुरलं

भाकऱ्या करायला बसण्याआधी आजी पिठाचा डबा हलवून बघायची. मग काठवटीत मुठीमुठीनं पीठ घ्यायची, मध्येच थांबायची आणि स्वतःशीच म्हणायची, ‘पुरेल.’ घरात अकरा माणसं. भांगलणीला बायका आलेल्या असल्या तर त्यांची दुपारची भाकरीही आमच्याकडेच. कोण किती खातं ते तिच्या बोटांत होतं. आबांना दोन, थोरल्या काकांना अडीच, आम्हा पोरांना एकेक आणि वर दोन राखलेल्या, कारण पोरं खेळून आली की पुन्हा मागतात. जेवणं सुरू झाली की ती हातात दुरडी घेऊन फिरायची. एकेक जण ताटावर हात आडवा धरायचा, ‘पुरे,’ आणि ती पुढं सरकायची. सगळ्यांचं उरकलं, ताटं मोरीत गेली, की ती आणि दोघी काकू चुलीपुढं बसायच्या. दुरडीत राहिलेल्या भाकऱ्या तिघी वाटून घ्यायच्या, कोरड्यासाच्या तळाशी जे असेल त्यात कुस्करायच्या. हात धुताना आजी म्हणायची, ‘पुरलं बाई.’

पुरेल, पुरे आणि पुरलं. एकाच क्रियापदाची ही तीन रूपं मी लहानपणभर ऐकली आणि ती एकच गोष्ट सांगतात असं धरून चालले. तसं नाही, हे कळायला मला स्वतःचं घर चालवावं लागलं. ‘पुरेल’ हा अंदाज आहे, करणाऱ्याचा. ‘पुरे’ ही खाणाऱ्यानं स्वतःच्या पोटाबद्दल दिलेली ग्वाही. ‘पुरलं’ हे मात्र सगळ्या घराबद्दलचं विधान आहे, आणि जो शेवटी जेवतो त्याच्याखेरीज ते कुणालाच करता येत नाही. आबा दोन भाकऱ्या खाऊन उठले तेव्हा त्यांना पुरलं होतं. घराला पुरलं की नाही, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं.

माणसाला पुरेसं म्हणजे किती, यावर आपल्याकडे गेली दीडशे वर्षं बोललं, लिहिलं, मोजलं गेलं आहे. सरकारी कागदांत, अर्थशास्त्राच्या पुस्तकांत, प्रवचनांत, आणि आता साधेपणानं जगायचे धडे देणाऱ्या व्याख्यानांत. त्यातलं बहुतेक सगळं पहिल्या दोन रूपांत अडकलेलं आहे. कुणी वरून ‘पुरेल’ म्हणतं, कुणी स्वतःकडं बघून ‘पुरे’ म्हणतं. शेवटच्या माणसाकडं जाऊन ‘पुरलं का?’ असं विचारायचं मात्र राहून जातं. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला फार मोठी वाटते.

आधी शब्दाकडं नीट बघू. ‘पुरणे’च्या मुळाशी संस्कृतातला भरणे हा अर्थ आहे. पूर्ण, पौर्णिमा, नदीचा पूर, पोळीत भरायचं पुरण, भरपूर, ही सगळी त्याच घरातली मंडळी. म्हणजे मुळातलं चित्र भांडं भरण्याचं. पण मराठीनं त्या चित्राला एक वळण दिलं. तांब्या पूर्ण भरला आहे की नाही, हे दारातून जाणारा माणूसही सांगू शकतो. तो तांब्या पुरला की नाही, हे तहानलेल्यालाच विचारावं लागतं. ‘पूर्ण’ हा शब्द भांड्याबद्दल बोलतो. ‘पुरे’ हा गरजेबद्दल बोलतो, आणि गरज बाहेरून दिसत नाही.

वाक्याची ठेवणही हेच सांगते. आपण ‘मी पुरतो’ म्हणत नाही, ‘मला पुरतं’ म्हणतो. मला भूक लागते, मला दुखतं, मला आवडतं, मला आठवतं, त्याच रांगेत मला पुरतं. ज्याचं त्यालाच कळतं अशा पुष्कळ गोष्टींना मराठी हा ‘ला’ लावते. ‘तुला दुखत नाही’ असं मी दुसऱ्याला ठासून सांगितलं तर ते वाक्य व्याकरणात बसेल, पण ऐकणारा विचारेल, तुला काय माहीत? ‘तुला एवढं पुरतं’ या वाक्यालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. आपण तो विचारत नाही, कारण हे वाक्य बहुतेक वेळा ज्याच्या हातात पळी असते तो बोलतो.

यावर कुणी म्हणेल, शिंपीही सांगतोच की, ब्लाउजला एक मीटर पुरेल. खरं आहे. काही गरजा मोजता येतात आणि त्या मोजायलाच हव्यात. नाहीतर दहा जणांच्या घरात पीठ किती दळून आणायचं हेसुद्धा ठरणार नाही. पण शिंपी आधी गळ्यात टेप अडकवून अंगाचं माप घेतो. कापड अपुरं पडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभं राहतं. मापही माणसाचंच आणि तक्रारीला जागाही आहे, म्हणून त्याच्या ‘पुरेल’वर आपण विश्वास ठेवतो. आपल्या जुन्या मोजमापांतही हे होतं. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, सगळी मापं हाताची. मोठ्या हाताचा पसा मोठा, लहान हाताचा लहान.

आणखी एक रूप आहे, ज्याच्याकडं सहसा लक्ष जात नाही: पुरवणे. लाड पुरवणे, हौस पुरवणे, पाणीपुरवठा, यात पुरवणे म्हणजे देणं. पण घरात ‘पुरवून वापर’, ‘पुरवून पुरवून खा’ म्हणतात, तेव्हा अर्थ वेगळाच असतो. आहे ते वाढणार नाही, तरी ते शेवटपर्यंत टिकवायचं. ही एक कला आहे आणि ती कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. आमटीत तांब्याभर पाणी आणि वर एक मिठाचा खडा. तेलाची बुधली तिरकी धरून बारीक धार. साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला ओली असतानाच चिकटवून टाकायची. महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळीचं वरण बंद आणि बेसनाचं पिठलं सुरू. पाहुणा अचानक आला तर पोरांना डोळ्यानं खुणावायचं. त्या खुणेचा अर्थ आम्हाला पाठ होता: तिसऱ्यांदा भात मागायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं की या घरात पुरलं. आत मात्र कुणीतरी पुरवलेलं असतं. पगार आणणारा आणि पुरवणारी ही बहुतेक घरांत दोन वेगळी माणसं असतात, आणि पहिल्याला दुसरीचं गणित माहीत नसतं.

‘पुरे’ या शब्दावर समोरचा विश्वास ठेवत नाही, ही त्याची आणखी एक अडचण. आपल्या पंगतीत पाहुण्यानं पहिल्यांदा म्हटलेलं ‘पुरे’ धरायचं नसतं. यजमानीण म्हणणार, ‘अहो, घ्या हो, अर्धी तरी घ्या.’ दुसऱ्यांदाही धरायचं नसतं. तिसऱ्यांदा हात पानावर आडवा पडला तर मानायचं. या रीतीला हसणारे पुष्कळ आहेत, पण मला ती शहाणपणाची वाटते. पाहुणा भिडेनं ‘पुरे’ म्हणत असेल, हे ती ओळखून असते. गरिबाघरची मुलं दुसऱ्याच्या घरी जेवायला बसतात तेव्हा सर्वांत आधी ‘पुरे’ म्हणतात. त्यांना घरून तसं बजावलेलं असतं. पोट भरल्याचं पुरे आणि लाजेचं पुरे उच्चारात सारखंच ऐकू येतं. फरक कळायला समोरच्याकडं बघावं लागतं. आग्रह म्हणजे तो फरक कळेपर्यंत थांबणं.

आता घराबाहेर पडू. सबंध देशासाठी पुरेसं म्हणजे किती, हे ठरवायचे प्रयत्न मुंबई-पुण्याच्या आसपासच बरेच झाले.

दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक निबंध वाचला. एका माणसाला जगायला किमान किती लागतं, हा प्रश्न त्यांच्यापुढं होता. त्यांनी आधार घेतला तुरुंगांच्या हिशेबांचा. कैद्याला सरकार किती अन्न देतं, किती कापड देतं, त्याचा खर्च किती, हे कागदावर होतं. मग देशातलं उत्पन्न माणशी वाटून बघितलं तर ते कैद्यावर होणाऱ्या खर्चालाही धड पुरत नव्हतं. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या माणसाची ही मांडणी आहे आणि तिची धार आजही बोथट झालेली नाही. दादाभाईंनी कैद्याचं ताट माणसाला पुरेसं आहे असं म्हटलं नव्हतं. ज्याला तुम्ही गुन्हेगार म्हणून कोंडलंत त्याला तुम्हीच जेवढं दिलं, तेवढंही बाहेरच्या निरपराध माणसाच्या वाट्याला येत नाही, असं ते सरकारला सरकारच्याच कागदांतून दाखवत होते.

त्याच सुमारास दख्खनवर आणि मद्रासवर मोठा दुष्काळ कोसळला होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती द्यायचं, हे ठरवायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं गेलं. त्यांनी १८७७ च्या सुरुवातीला ठरवलं की प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेल. खडी फोडणाऱ्या माणसाला, दिवसभर. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे अपुरं असल्याचं ठणकावून सांगितलं. मुंबई इलाख्यात तर मजूर कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. उपाशी माणसानं मिळणारा पौंडभर दाणाही नाकारून उठून जाणं ही साधी गोष्ट नाही. ‘पुरेल’ला ‘पुरत नाही’ असं जाहीरपणे उत्तर दिल्याची आपल्या भागातली ही एक जुनी आणि मोठी नोंद आहे. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

स्वातंत्र्यानंतर मोजणारे हात आपलेच होते आणि हेतूही चांगला होता. १९५७ मध्ये दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कसं काढायचं याचं सूत्र घालून दिलं. कामगाराच्या कुटुंबाला तीन खाणारे धरायचे, प्रत्येकाला दिवसाला २७०० उष्मांक. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. इंधन, दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढं १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात भर घातली: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपणाची आणि लग्नकार्याची तरतूद यासाठी आणखी २५ टक्के. या भरीबद्दल मला मनापासून आदर आहे. कामगाराच्या घरी दिवाळीही येते, ही गोष्ट न्यायालयानं वेतनाच्या हिशेबात लिहून ठेवली.

पण त्या ‘तीन’ आकड्यापाशी जरा थांबायला हवं. कुटुंबात माणसं चार: नवरा, बायको, दोन मुलं. मग तीन कसे? पुरुष एक, बाई ०.८ आणि मुलं प्रत्येकी ०.६. बेरीज तीन. शरीराच्या सरासरी गरजेवरून हे प्रमाण काढलं असं त्याचं समर्थन करता येतं आणि ते सर्वस्वी खोटंही नाही. तरी या सूत्राची बाई डोळ्यांपुढं आणून बघा. ती पहाटे पाण्याला जाते, दळण आणते, कामाला जाते, पोटात किंवा पदराला मूल असतं. तिच्या नावावर पाचातले चार घास. आणि ही झाली कागदावरची वाटणी. कुटुंबाचं वेतन घरात आल्यावर चुलीपाशी जी वाटणी होते, तिच्यात तिला ०.८ तरी मिळतं का, हे विचारायला त्या सूत्रात रकाना नाही.

पुढचा मोठा प्रयत्न पुण्यातला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर लोक घेतात, ती पातळी त्यांनी शोधली. १९६०-६१ च्या किमतींनी ती निघाली खेड्यात महिना माणशी १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे. खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं त्याखाली होती. हा अभ्यास म्हणजे सरकारला मारलेली टाच होती. गरिबी आहे म्हणणं वेगळं आणि निम्मं शहर रोज अपुरं जेवतं हे आकड्यानं दाखवणं वेगळं. दांडेकर-रथांनी जे केलं ते करायलाच हवं होतं.

घोटाळा त्यानंतर होतो. इशारा म्हणून आखलेली रेष हळूहळू पुरेसेपणाची रेष बनते. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा माणूस गरीब नाही. देशभर संताप उसळला. तज्ज्ञ समजावत राहिले की ही रेष सांख्यिकी आहे, हिचा अर्थ एवढ्यात भागतं असा नाही. लोकांना मात्र त्यात बरोबर तेच ऐकू आलं जे आमच्या आजीला ऐकू आलं असतं. कुणीतरी लांब बसून आपल्या ताटाकडं न बघता ‘तुला एवढं पुरे’ म्हणतंय. लोकांचं काही चुकलं नव्हतं. रेषेच्या वरचा माणूस योजनेबाहेर जाणार असेल, तर ती रेष नुसती सांख्यिकी राहत नाही, ती पळी होते.

एक गोष्ट सरकार स्वतःसाठी मात्र नीट जाणतं. अर्थसंकल्प हा राज्याचा ‘पुरेल’. आणि तो पुरत नाही हे धरूनच घटनेच्या २०५ व्या कलमात पुरवणी मागण्यांची सोय आहे. अधिवेशनामागून अधिवेशनात खाती येतात आणि सांगतात, धरलं होतं तेवढं पुरलं नाही, आणखी द्या. यात गैर काही नाही. अंदाज चुकतो, म्हणून विचारायची वेळ आणि मागायची जागा ठरवून ठेवली आहे. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळणाऱ्या घराला अशी पुरवणी मागणी करायची जागा कोणती? पाच किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ते हक्क म्हणून दिलं, आणि ते नसतं तर काय झालं असतं हे करोनाच्या काळात सगळ्यांनी पाहिलं. माझा मुद्दा पाच किलो थोडे आहेत इतकाच नाही. बोट उमटवून पिशवी हातात पडल्यावर, महिना सरताना, त्या घरात जाऊन ‘पुरलं का?’ विचारायला कुणी येत नाही.

आणि विचारायला कुणी आलंच, तरी ते घरातल्या कर्त्याला विचारतील. इथं हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. खर्चाच्या पाहण्या घर हे एकक धरून होतात. घरात किती धान्य आलं, किती तेल, किती डाळ. त्याला डोक्यांनी भागलं की माणशी आकडा मिळतो. उंबरठ्याच्या आत हा भागाकार कधीच सारखा होत नाही, हे मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, त्याच वयाच्या पुरुषांपैकी २५ टक्के. याला पाळी, बाळंतपणं, जंत, आहारातलं लोह अशी कारणं आहेत. सगळा दोष शेवटी जेवण्याला देता येणार नाही. पण एकाच चुलीवरचं खाणाऱ्या माणसांत एवढं अंतर पडतं, तेव्हा त्या घराला ‘पुरलं’ असं म्हणणारा आकडा कुणाच्या ताटावरून घेतला, हे विचारावंच लागतं.

आजीला सगळ्यांचे आकडे पाठ होते असं मी वर म्हटलं. आबांना दोन, काकांना अडीच. तिचा स्वतःचा आकडा मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. वाट्याला एक आली तर ती एक खायची, जास्त आल्या तर दुसऱ्या दिवशी शिळ्या होतील म्हणून दोन खायची. उरेल तेवढी तिची भूक, असं आम्ही धरलं होतं.

आता संतोषाबद्दल. पुरे म्हणायला शिका, हा उपदेश आपल्याला जुना आहे आणि अलीकडं तो पुन्हा जोरात आहे. कपाटं रिकामी करा, गरजा कमी करा, आहे त्यात आनंद माना. ज्यांच्याकडं भरपूर आहे त्यांनी हे करावं, अगदी जरूर करावं. या उपदेशाला आधार म्हणून तुकोबांचं नाव घेतलं जातं, तेव्हा मात्र मला एक प्रसंग आठवतो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं, बायको अन्नावाचून गेली. त्यानंतर सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची त्यांनी ठरवली. परंपरा सांगते की त्यांनी आधी त्या खतांची वाटणी केली. धाकट्या भावाची, कान्होबाची, निम्मी खतं त्याच्या हातात दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. या तपशिलावर मला थांबावंसं वाटतं. तुकोबांनी ‘पुरे’ म्हटलं ते स्वतःच्या वाट्याबद्दल. भावाला किती पुरेल ते त्यांनी ठरवलं नाही. आणि जी खतं बुडाली ती देणेकऱ्यांच्या मानेवरची होती. म्हणजे एकानं पुरे म्हटलं, त्यातून दुसऱ्यांचं ओझं उतरलं. आज संतोषाचा उपदेश पुष्कळदा उलट्या दिशेनं चालतो. पगारवाढ मागणाऱ्याला, जमिनीचा मोबदला मागणाऱ्याला, घरकामाच्या बाईला समाधानानं राहायला सांगतात ते त्यांना देणं लागणारेच.

गावगाड्यात हे पिढ्यान् पिढ्या चाललं. बलुत्याची पेंढी किती मोठी, भाकरीचा तुकडा केवढा, तो ताजा की शिळा, हे देणाऱ्याच्या ओसरीवर ठरायचं आणि घेणाऱ्यानं ते पुरेसं मानायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. महारांना वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवायचं आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर ठेवायचा, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. त्यांची मागणी जास्त भाकरीची नव्हती. काम किती, मोबदला किती, हे ठरवताना आमचं तोंड मोकळं असलं पाहिजे, ही होती. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं तेव्हा शहरी वाचक हादरला, तो त्यातल्या भुकेनं. मला वाटतं, भुकेइतकीच त्यात दुसऱ्यानं ठरवलेल्या पुरेसेपणाची चीड आहे.

मग दुसऱ्यासाठी ‘पुरे’ कधीच ठरवता येत नाही का? एकत्र बसून ठरवता येतं, आणि ते पुण्याजवळ झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार अभियंते पुरंदर तालुक्यात फिरत होते. खडी फोडणारी माणसं त्यांनी पाहिली. नायगावात देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी माती-पाणी अडवायला सुरुवात केली, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी फार नव्हतंच. म्हणून प्रश्न आला: कुणाला किती? रूढ उत्तर होतं, ज्याची जमीन जेवढी त्याला तेवढं. पंचायतीनं ठरवलं की पाणी जमिनीला नाही, माणसांना. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. बाकी जमीन कितीही असो, ती कोरडवाहू राहील. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. खर्चातला पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी घालायचा.

मला इथं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उसाचं कलम. ऊस नको म्हणणं म्हणजे ज्याची विहीर भरलेली आहे त्यानं आधी हात आडवा धरणं. आणि तो त्यानं धरायचा, खाली वाट पाहणाऱ्यानं नाही. हा नियम मोडायचा मोह किती असेल, हे उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला चांगलं माहीत आहे. कारखान्याची मोळी म्हणजे रोख पैसा, पोराचं शिक्षण, मुलीचं लग्न. नायगावच्या वाटेनं सगळा महाराष्ट्र गेला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याच्या वाघिणी जोडून लातूरला रेल्वे न्यावी लागली, त्या काळात मराठवाड्यात ऊस उभा होता. पाणी लातूरला पुरलं नाही, असं आपण त्या वेळी म्हणालो. पुरण्या-न पुरण्याचा निवाडा कुणाच्या बांधावर झाला होता, तिकडं फार थोड्यांनी पाहिलं.

‘-पुरता’ हा प्रत्यय मराठीत किती सहज लागतो. पोटापुरतं, गरजेपुरतं, वेळेपुरतं, नावापुरतं. शब्दाला कुंपण घालणारा हा प्रत्यय आहे. माणशी अर्धा एकर हेही एक ‘-पुरतं’च. पण ते कुंपण ज्यांच्याभोवती पडलं त्यांनीच सभेत बसून, भांडून, हात वर करून आखलं होतं, आणि पीक आल्यावर त्याच सभेत पुन्हा बसून कुणाला पुरलं नाही ते बोलायची सोय होती.

आमच्या घरी आता माणसं कमी आहेत. पीठ मी घेते, गहू-ज्वारी दोन्ही मुबलक असतं. आई माझ्याकडं राहायला आली की मी तिला आधी बसवते. ती बसत नाही, किंवा बसली तरी हळूहळू जेवते, सगळ्यांकडं लक्ष ठेवून. परवा जेवणं झाल्यावर मी तिला मुद्दाम विचारलं, ‘आई, तुला पुरलं का?’ तिनं उत्तर द्यायच्या आधी मान वळवली. स्वतःच्या ताटाकडं नाही, दुरडीकडं. झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली, ‘पुरलं की. ही बघ, अर्धी उरलीये अजून.’